मंद वाऱ्यातील शर्यत

श्रोते हो, शर्यत हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर वेग उभा राहतो. घोडे उधळतात, सायकली सुसाटतात, धावपटूंची छाती भात्यासारखी फुलते. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे त्या शर्यतीत वेग जवळजवळ नव्हताच. किनाऱ्यावरून एखादे आजोबा नातवाचे बोट धरून चालले असते, तर ते आमच्या किती तरी पुढे निघून गेले असते. तरीही त्या दीड तासात मन जितके ताणले गेले, तितके वर्गातील पन्नास मुलांपुढे उभे राहूनही कधी ताणले गेले नव्हते. ही शर्यत शिडाच्या होड्यांची होती. स्थळ दोना पावलाचा किनारा, वेळ गेल्या एप्रिलमधील एका संध्याकाळची, आणि वारा असून नसल्यासारखा.

शिडाच्या होड्यांनी केवळ हौसेखातर शर्यत लावावी ही कल्पना फारशी प्राचीन नाही. कोळी आणि व्यापारी हजारो वर्षे शिडे हाकारीत आले. पण त्यांना पोटासाठी बंदर गाठायचे असे. ‘यॉट’ हा शब्द मूळचा डच असून त्याचा संबंध शिकारीशी व पाठलागाशी आहे. डचांनी तशी एक चपळ नौका इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला १६६० साली भेट दिली आणि त्याला त्या खेळाचे वेडच लागले. १६६१ च्या ऑक्टोबरमध्ये थेम्स नदीवर ग्रीनिच ते ग्रेव्हझेंड आणि परत, अशी शंभर पौंडांची पैज त्याने आपल्या भावाशी लावली. जाताना वारा तोंडावर होता तेव्हा राजा हरला आणि येताना जिंकला, अशी नोंद जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. त्याच १६६१ साली याच राजाच्या पोर्तुगीज राजकन्येशी होणाऱ्या विवाहाचा करार झाला आणि त्या करारान्वये मुंबई बेट इंग्रजांकडे गेले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

आमची होडी अर्थातच राजेशाही नव्हती. ती ‘एंटरप्राइज’ जातीची होती. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली आखलेली ही होडी जेमतेम चार मीटर लांबीची असते. तिला एक डोलकाठी आणि दोन निळी शिडे असतात, आणि ती चालवायला माणसेही दोनच लागतात. सुकाणू व मोठे शीड तांडेलाच्या हाती राहते. पुढचे लहान शीड दुसऱ्या खलाशाने सांभाळायचे असते. आमच्या होडीवरील तांडेल सोळा वर्षांचा होता आणि खलाशी मी होते. हा मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात भूगोल शिकत असे. त्याचे वडील रापणकार. क्लबातील मुलांच्या वर्गात तो होडी शिकला आणि आम्हा मोठ्या हौशी मंडळींना पाहता पाहता मागे टाकून गेला. त्यामुळे वर्गात मी त्याला सांगायची आणि पाण्यावर तो मला सांगायचा, अशी आमची वाटणी झाली होती. ‘टीचर, दोर सैल सोडा,’ असे तो अदबीने पण ठामपणे म्हणे, आणि मी निमूटपणे सोडीत असे.

हंगामातील ही शेवटची शर्यत होती. वर्षभराच्या गुणांत पहिल्या तीन होड्यांना परगावच्या स्पर्धेसाठी क्लब आपल्या खर्चाने पाठवणार होता. आम्ही तिसऱ्या स्थानाच्या उंबरठ्यावर होतो. आठ होड्यांत तिसरे आलो की काम झाले असते. माझ्यासाठी ती एक मौज होती. त्याच्यासाठी मात्र गोव्याबाहेरचे पाणी प्रथमच पाहण्याची ती संधी होती.

आता वाऱ्याकडे वळू. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून जो वारा येतो त्याला आपण खारा वारा म्हणतो. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा आत शिरते. सूर्य कलू लागला की जमीन तितक्याच लगबगीने निवते आणि खाऱ्या वाऱ्याचा प्राण कमी कमी होत जातो. पुढे रात्री जमीन पाण्याहून थंड झाली म्हणजे वारा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तो मतलई वारा. या दोहोंच्या मध्ये, नेमका दिवेलागणीच्या सुमारास, एक निःस्तब्ध अवधी असतो. संध्याकाळच्या शर्यतीला गाठायची असते ती ही वेळ येण्यापूर्वीची सीमारेषा.

वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्याने १८०५ साली एक श्रेणी तयार केली. तीत शून्य म्हणजे आरशासारखे पाणी. एक म्हणजे माशाच्या खवल्यांसारख्या सुरकुत्या. वाऱ्याचा वेग ताशी एक ते तीन सागरी मैल. दोन म्हणजे लहान लहान लाटा. वेग चार ते सहा. एक सागरी मैल सुमारे १.८५ किलोमीटरचा असतो. पाच वाजता आम्ही निघालो तेव्हा वारा दोनच्या पायरीवर कसाबसा उभा होता. येथे एक हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. शिडावर पडणारा वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग बारावरून तीनवर, म्हणजे एक चतुर्थांशावर आला, तर जोर चौथ्या हिश्श्यावर न राहता सोळाव्या हिश्श्यावर येतो. मंद वाऱ्यातील होडकरी म्हणजे सोळाव्या हिश्श्याच्या मिळकतीत संसार चालवणारा गृहस्थ होय. त्याला एकही पै उधळता येत नाही.

या शर्यतीचा आरंभही मोठा मजेचा असतो. होड्यांना जमिनीवरच्या धावपटूंप्रमाणे रेषेवर स्तब्ध उभे राहता येत नाही. म्हणून पंचांची नौका आणि एक बोया यांच्यामधील काल्पनिक रेषेमागे साऱ्या होड्या घिरट्या घालीत असतात. पाच मिनिटे उरली की एक निशाण चढते, चार मिनिटे उरली की दुसरे चढते, एक मिनिट राहिले की ते दुसरे उतरते, आणि पहिले उतरले की शर्यत सुरू. त्या क्षणापूर्वी रेषा ओलांडलेली होडी परत फिरून पुन्हा रेषेमागून येते. जोराच्या वाऱ्यात ही चूक काही सेकंदांची असते. मंद वाऱ्यात मात्र ती साऱ्या संध्याकाळची ठरू शकते. कारण एकदा थांबलेली होडी पुन्हा चालू होण्यास फार वेळ घेते.

आमची पहिली मजल वाऱ्याच्या तोंडावर, पश्चिमेच्या बोयाकडे होती. वारा समोरून येत असता शिडाची होडी पुढे जाते कशी, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत दाबला तर तो बोटांच्या दिशेने न जाता सटकन पुढे निसटतो. होडीचेही तसेच आहे. शिडावर वाऱ्याचा रेटा एका बाजूने असतो. होडीच्या मध्यातून पाण्यात खाली सोडलेल्या फळीवर पाण्याचा रेटा दुसऱ्या बाजूने असतो. या चिमटीतून होडी पुढे निसटते. तथापि अगदी वाऱ्याच्या डोळ्यात ती जाऊ शकत नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे, असे नागमोडी जावे लागते. चौकोनाच्या कर्णाऐवजी दोन बाजूंनी जाण्यासारखेच हे. म्हणजे शंभर मीटरचे अंतर काटण्यासाठी जवळजवळ १४१ मीटरची वाट चालावी लागते.

प्रत्येक वळणावर होडीचा वेग मोडतो. म्हणून मंद वाऱ्यात वळणे थोडी घ्यावीत आणि जी घ्यायची ती हळुवार घ्यावीत. बसण्याची रीतही उलटी होते. जोराच्या वाऱ्यात होडी कलू नये म्हणून आपण वाऱ्याच्या बाजूला बाहेर झुकतो. येथे मी मुद्दाम दुसऱ्या, शिडाच्या बाजूला आणि थोडी पुढे सरकून बसले होते. होडी किंचित कलली म्हणजे शीड आपल्याच वजनाने खाली लोंबून आकार धरते. सपाट होडीत ते नुसते लुळे पडते. शिवाय कललेल्या होडीचे अंग पाण्याला कमी भिजते आणि घर्षण घटते. शिडावर लोकरीचे लहान धागे चिकटवलेले असतात. दोन्ही बाजूंचे धागे आडवे तरंगत राहिले की समजावे, हवा शिडाला धरून सरळ वाहत आहे. मी त्या धाग्यांवर नजर लावून बसले होते. ‘टीचर, हालू नका,’ तांडेल पुटपुटला. मी नाकावर बसलेली माशीसुद्धा हाकलली नाही. होडीत अंग हलवले की डोलकाठीचे टोक हातभर हलते आणि शिडातील उरलीसुरली हवा सांडून जाते. उलटपक्षी, मुद्दाम अंग डोलवून वा शीड पंख्यासारखे झटकून होडी पुढे ढकलणे नियमाने निषिद्ध आहे. शर्यत वाऱ्याची आहे, दंडाच्या बळाची नाही.

पाण्यावर रस्ते नसले तरी वाटेचा हक्क मात्र असतो. ज्या होडीवर वारा उजव्या अंगाने येतो, तिला डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीने वाट द्यावी. दोघींचे अंग एकच असेल आणि त्या शेजारी शेजारी असतील, तर वाऱ्याकडील होडीने दुसरीला सांभाळावे. मागून येणाऱ्या होडीने पुढचीला धक्का लावू नये. या तीन वाक्यांवर जगभरातील शर्यतींचा बहुतेक व्यवहार चालतो.

पश्चिमेचा बोया आम्ही चौथ्या क्रमांकाने वळसला. तेथवर ओहोटी आमच्या मदतीला होती. त्या दिवशी वद्य चतुर्थी होती. भरती-ओहोटी रोज सुमारे दोन घटका, म्हणजे पाऊण तासाहून थोडी अधिक, उशिरा येते. पौर्णिमेपासून हा हिशेब मोजीत आले की कोणत्या दिवशी पाणी केव्हा फिरेल ते किनाऱ्यावरील कोणताही जाणता माणूस सांगू शकतो. आमच्या तांडेलाने ते वडिलांकडून घेतले होते. ओहोटीचे पाणी झुआरी नदीच्या मुखातून पश्चिमेला, समुद्राकडे धावत होते. आता मात्र आम्हाला पूर्वेकडे, त्याच पाण्याच्या विरुद्ध परत यायचे होते; आणि पाठीमागचा वारा मरत चालला होता.

हा प्रसंग भुलवणारा असतो. होडीच्या नाळेपाशी पाणी खळखळते, आपण चाललो आहोत असे वाटते. पण किनाऱ्यावरील माड पाहावा तर तो जागचा हललेला नसतो. पाण्याला कापीत आपण ताशी एक मैल पुढे जात असलो आणि पाणी आपल्याला घेऊन ताशी एक मैल मागे जात असले, तर बेरीज शून्य. त्यात वारा थेट पाठीवर घेतला की होडीच्या स्वतःच्या गतीइतका तो उणा होतो. म्हणून जाणते लोक सरळ न जाता थोडे तिरके जातात. अंतर वाढते, पण अंगावर येणारा वारा टिकून राहतो आणि होडी जिवंत राहते.

पुढच्या तीन होड्या भर पाण्यातून सरळ निघाल्या. आमच्या तांडेलाने नाळ किनाऱ्याकडे वळवली. उथळ पाण्यात तळाच्या घर्षणाने प्रवाह मंदावतो, हे मी त्याला वर्गात शिकवले होते की त्याने मला होडीत शिकवले, हे आज सांगता येणार नाही. अगदी काठाला जाऊनही चालत नाही. कारण टेकडीच्या आडोशाला वारा पार नाहीसा होतो. वारा आणि प्रवाह यांच्या मधली एक अरुंद पट्टी असते, ती पाण्याच्या रंगावरून हुडकावी लागते. जेथे सुरकुत्या तेथे पाणी गडद दिसते आणि तेथेच वाऱ्याची झुळूक असते. त्या गडद डागावरून पुढच्या डागावर, अंगणात ठिकरीने खेळणाऱ्या मुलींसारखे, आम्ही गेलो. भर पाण्यातील एका होडीने अखेर नांगर टाकला. नियमाने ते चालते, आणि मागे वाहून जाण्यापेक्षा जागी उभे राहणे हीच कधी कधी प्रगती असते. पूर्वेच्या बोयाशी पोचलो तेव्हा आम्ही तिसरे होतो.

श्रोते हो, येथे मला माझीच एक गोष्ट सांगावयाची आहे.

बोयाला वळसा घालताना आम्ही त्याच्या पूर्वेला गेलो आणि नाळ पश्चिमेकडे फिरवली. पाणी आम्हाला पश्चिमेला, म्हणजे बोयावरच ढकलीत होते. मोठ्या शिडाखालचा दांडा बोयावरून गेला. त्याचे टोक बोयाला पुसटसे घासले. आवाज झाला नाही. बोया डुललासुद्धा नाही. पंचांची नौका दूर, मागची होडी बरीच मागे. नियम असा की होडीचा कोणताही भाग बोयाला लागला, तर त्या होडीने बाजूला होऊन स्वतःभोवती एक संपूर्ण गिरकी घ्यावी. परंतु या खेळात प्रत्येक बोयापाशी शिट्टी घेऊन कोणी उभे नसते. ज्याच्याकडून चूक घडते त्यानेच ती ओळखून शिक्षा घ्यावी, ही अपेक्षा नियमांच्या मुळाशीच आहे.

मी पाहिले होते, आणि मी बोलले नाही. त्या एका श्वासाच्या अवधीत माझ्या मनाने किती तरी वकिली केली. लागले की नाही कोण जाणे. लागले असले तरी त्यामुळे आम्हाला लाभ तो कोणता. आणि या मुलाला ही संधी पुन्हा केव्हा मिळणार! वीस वर्षे फळ्यावर सुविचार लिहिणारा माझा हात दोर धरून गप्प राहिला.

‘टीचर, लागलं. फिरवतो,’ एवढेच तो म्हणाला आणि त्याने सुकाणू लोटले.

जोराच्या वाऱ्यात ही गिरकी दहा-पंधरा सेकंदांत आटोपते. आम्हाला जवळजवळ दोन मिनिटे लागली. होडी वाऱ्याच्या तोंडावर येऊन थबकली, शिडे लोंबली, मग कुशीवर वळणाऱ्या आजाऱ्यासारखी ती हळूहळू फिरली. तेवढ्यात तीन होड्या आमच्या जवळून निघून गेल्या. त्यांतील एकीवरच्या गृहस्थांनी नवलाने विचारले, ‘काय झालं?’ तांडेलाने बोयाकडे बोट दाखवले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी किंचित उचलली.

आम्ही सहावे आलो. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा सूर्य बुडाला होता आणि पाणी तेलासारखे गुळगुळीत झाले होते. किनाऱ्याकडून देवळाची घंटा ऐकू आली, पाठोपाठ चर्चमधील सांजप्रार्थनेची घंटा झाली. मी सवयीने कपाळी क्रुसाची खूण केली. पण त्या दिवशीच्या प्रार्थनेत माझ्याकडे सांगण्यासारखे नेहमीपेक्षा थोडे अधिक होते.

होडी वाळूवर ओढून शिडे घडी करीत असताना मी त्याला म्हटले, ‘तिकडं कुणीही पाहत नव्हतं रे.’ तो घडीवरून हात फिरवीत राहिला. मग सहजपणे म्हणाला, ‘तुम्ही होतात की, टीचर.’

मी गप्प राहिले ते त्याला कळले होते की नाही, हे मी विचारले नाही. त्याला परगावी जाता आले नाही. पुढच्या हंगामात जाईल अथवा जाणारही नाही. वारा कोणाच्या पदरात काय टाकील याचा भरवसा नसतो.

याच गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ नावाची शिडाची नौका बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने हा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी २०१२-१३ साली कोठेही न थांबता जग फिरून आले. तेथेच बांधलेल्या ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये गोव्याहून निघाल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात जगप्रदक्षिणा करून गोव्यालाच परतल्या. त्यांनी पर्वतप्राय लाटा पाहिल्या हे आपण कौतुकाने वाचतो. पण विषुववृत्ताजवळ वारा पडका असलेला पट्टा प्रत्येक शिडाच्या नौकेला ओलांडावा लागतो. तेथे वादळाशी झुंज नसते. रिकाम्या शिडाखाली, क्षितिजापर्यंत कोणी पाहत नसता, आपले काम चोख करीत राहावे लागते.

आपल्यापैकी ज्यांना सवड असेल त्यांनी एखाद्या संध्याकाळी खाडीच्या काठी जाऊन बसावे. पाण्यावरील गडद डाग पाहावेत, वारा कोठून येतो ते गालाला विचारावे, ओहोटी कोणत्या दिशेने चालली आहे ते तरंगणाऱ्या पानावरून ताडावे. आणि एखादी निळ्या शिडाची होडी विनाकारण स्वतःभोवती फिरताना दिसली, तर तिला चालवता येत नाही असे समजून हसू नये. तिच्यावरील कोणी तरी आपला हिशेब चुकता करीत असेल.